डब्यातली शेळी आणि वळसंगचे आबा

किस्से सांगायला आमच्याकडं कुणी मुद्दाम बसत नाही. दुपारी सगळी बाळं झोपतात, वाट्या-चमचे उकळायला टाकलेलं पातेलं गॅसवर गुरगुरायला लागतं, खिडकीच्या काचेवर वाफ चढते आणि मग तापल्या दुधावर साय धरावी तसा एखादा किस्सा आपोआप वर येतो. तो बाजूला सारावा तर खाली दुसरा तयार असतो. इतकी वर्षं झाली, पण पातेल्याचा तळ काही दिसला नाही.

सोलापुरात लहान मुलांच्या एका दवाखान्यात मी सिस्टर आहे. वरच्या मजल्यावर बाळांना दूध पाजायची खोली आहे. पाटीवर तिचं नाव इंग्रजीत आहे, आम्ही मात्र दूधखोली म्हणतो. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडं टॉवेल विणणारा कारखाना आहे, त्यामुळं दिवसभर खटक-खटक, खटक-खटक चालू असतं. नवीन आलेली माणसं पहिल्या दिवशी वैतागतात. दुसऱ्या दिवशी त्याच तालावर पेंगायला लागतात.

खोलीत आम्ही दोघी असतो, मी आणि पद्माबाई. पद्माबाई आमच्या आया. विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, आणि बाळाला हातात घेतलं की कुठलीच भाषा न बोलणाऱ्या. नुसतं हुंकारतात. आमच्यावर डॉक्टर मॅडम. मॅडमचा नियम असा की बाळाला पहिलं दूध आईचं, दुसरंही आईचं आणि तिसरंही आईचंच. पावडरचे डबे आमच्या कपाटात असतात, पण उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेले. आई जवळ नसेल किंवा तिला पाजणं शक्यच नसेल तरच तो अभ्रा निघतो.

आज सांगते ते सगळं एकाच बाळाच्या भोवतीचं आहे. त्या दिवसांत माझं डोकं जरा तरंगतच होतं. ऊन असं की रस्ता पाण्यासारखा हलायचा. त्यामुळं कुठला किस्सा आधीचा आणि कुठला नंतरचा यात थोडं इकडंतिकडं होईल, पण झालं ते असंच झालं.

*

वळसंगची महादेवी बाळंत झाली आणि तिला रक्तस्राव थांबेना. तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं ती अतिदक्षता विभागात, श्वासाच्या मशीनवर. नवरा तिच्या दाराशी बसून. बाळाला कावीळ दिसत होती म्हणून ते आमच्याकडं आलं आणि बाळाबरोबर आले ते त्याचे आजोबा, महादेवीचे सासरे. सिद्राम आबा. डोक्याला पटका, अंगात पांढरी बंडी, तिला शेळ्यांचा वास. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं.

बाळ मुलगी होती. वजन ठीक होतं, पण दूध ओढायचा तिला कंटाळा. दोन घोट घेतले की झोपून जायची. आमचं नेहमीचं पावडरचं दूध आम्ही वाटी-चमच्यानं देत होतो. आबा दाराबाहेर उकिडवे बसून ते बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिसले नाहीत. मला वाटलं सुनेकडं गेले असतील.

थोड्या वेळानं वॉचमन धावत वर आला. म्हणाला, खाली रिक्षातून शेळी उतरलीय आणि ती लिफ्टकडं चाललीय.

आम्ही खाली गेलो तर खरंच शेळी. काळी, कपाळावर पांढरा चांद, नाव चंद्री. आबांनी तिला वळसंगहून टमटमनं आणि पुढं रिक्षानं आणलं होतं. वॉचमन तिच्यापुढं हात पसरून उभा आणि ती त्याच्या हातातलं रजिस्टर हुंगत होती. आबांचं म्हणणं सरळ होतं. पोरीची आई उठेपर्यंत पोरगी चंद्रीच्या दुधावर राहील. शेळीचं दूध हलकं असतं, त्यांच्या घरात सगळे त्यावरच वाढलेत. ते जमत नसेल तर पोरगी द्या, घरी नेतो.

मॅडम ओपीडी सोडून बाहेर आल्या. त्या आबांवर ओरडल्या वगैरे नाहीत. पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. शेळीचं दूध वाईट नाही, पण ते करडासाठी आहे. करडू चार दिवसांत उड्या मारतं, त्याला तसं दूध लागतं. माणसाच्या एवढ्याशा बाळाच्या मूत्रपिंडाला ते जड जातं, त्यातले क्षार जास्त पडतात. शिवाय रक्त वाढायला जे जीवनसत्त्व लागतं ते त्यात फार थोडं असतं. नुसत्या त्या दुधावर राहिलेली पांढरीफटक बाळं मी बघितलीत, असं मॅडम म्हणाल्या. 

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. आणि म्हणाले, तरी पण नेतो.

त्यांचा चेहरा बघून मला कळलं की हा माणूस हट्टी नव्हता, घाबरलेला होता. सून मशीनवर, मुलगा तिकडं, हातात न पिणारं बाळ. त्याच्या ओळखीची एकच गोष्ट होती आणि ती तो इतक्या लांबून घेऊन आला होता.

मॅडमनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “आबा, शेळीचंच दूध द्यायचं ठरलं तर? पण बाळासाठी बनवलेलं. शेळीच्या दुधाचीच पावडर करतात, त्यातलं जड ते कमी करतात, कमी ते वाढवतात. ती चालेल?”

आबा म्हणाले, “शेळीचंच ना?”

“शेळीचंच.”

आबांनी चंद्रीकडं बघितलं. मग मॅडमकडं. “मंग माझ्या शेळीनं काय घोडं मारलं?”

पण पोरीला न्यायची गोष्ट त्यांनी त्यानंतर काढली नाही. चंद्री त्याच रिक्षानं परत गेली. जाताना वॉचमनच्या रजिस्टरचं एक पान घेऊन गेली.

*

तो डबा आमच्याकडं नव्हता. औषधाच्या दुकानदारानं पुण्याहून मागवला. मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की नेहमीचं दूधही या बाळाला चाललंच असतं, या डब्यात काही जादू नाही. पण आजोबांचा जीव शांत झाला तर त्यांचा हात शांत राहील आणि पाजणारा हात शांत असला की बाळ पितं.

डबा बाहेरदेशातला. त्यावर चित्र होतं. हिरवीगार टेकडी, इतकी हिरवी की आमच्या खोलीत तो रंगच खोटा वाटावा, आणि टेकडीवर एक पांढरीशुभ्र शेळी. मागं आभाळ.

आबांनी डबा दोन्ही हातांत धरला आणि बघत बसले. बाहेर ऊन रणरणत होतं, कारखाना खटक-खटक चालला होता, पंखा गरम वारा फिरवत होता. मी बाळाचे कपडे बदलले, कपाट आवरलं, तरी आबा तसेच. मला वाटलं झोप लागली.

मी विचारलं, “काय बघायलाव आबा?”

ते म्हणाले, “हिच्यामागं माणूस न्हाय.”

मी जवळ जाऊन बघितलं. खरंच नव्हता. डबा माझ्याच हातातून त्यांच्याकडं गेला होता, पण माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

“एवढ्या मोठ्या रानात एकटीच सोडलीय,” आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. मग त्यांनी विचारलं, हे गाव कुटं हाय, तितं उन्हाळा असतो का, लांडगा असतो का. मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, असेल कुणीतरी, चित्राच्या बाहेर उभा असेल.

हे त्यांना पटलं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, पण शेळीचं तोंड भिंतीकडं न करता खोलीकडं केलं. तिला कुणीतरी दिसत राहावं म्हणून. पुढं मीही तो तसाच ठेवायला लागले.

*

दूध कालवायला शिकवायचं काम माझं. पाणी उकळायचं, किंचित निवू द्यायचं, पण गरमच हवं. आधी पाणी मोजून घ्यायचं, मग पावडर, आणि डब्यातलाच चमचा, शीग न ठेवता सपाट केलेला. आबांच्या हाताला हे जमेना. ज्या हातांनी जन्मभर धार काढली त्यांना सपाट चमचा म्हणजे कंजूसपणा वाटायचा. ते शीग लावायचे, मी सुरीनं सारखा करायचे, ते पुन्हा हळूच थोडी टाकायचे. मी समजावलं की जास्त झालं की बाळाला जड आणि कमी झालं की उपाशी. तेव्हा कुठं त्यांनी चमचा माझ्यासारखा धरला.

पण त्यांना बोचत होतं ते वेगळंच. पहिल्यांदा स्वतः कालवायची वेळ आली तेव्हा ते पाण्याची वाटी समोर घेऊन बसून राहिले. मला वाटलं विसरले. मी म्हटलं, आबा, आता पावडर.

ते म्हणाले, “शिस्टर, जन्मात कदी दुधात पाणी घातलं न्हाय. आता म्हातारपणी पाण्यात दूध घालायला लागलोय.”

पद्माबाई हसून हसून टॉवेलात तोंड लपवायला लागल्या. आबाही हसले. आमच्याकडं आल्यापासून त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

आणखी एक नियम त्यांना फार जड गेला. बाळानं पिऊन उरलेलं दूध ठेवायचं नाही, टाकून द्यायचं. दूध टाकणं त्यांच्या हातून होईना. ते वाटी घेऊन खाली जायचे आणि बराच वेळ यायचे नाहीत. काय करतात ते काही दिवसांनी कळलं. आमच्या आवारातलं मरतुकडं मांजर त्या उन्हाळ्यात गोल गरगरीत झालं आणि मॅडमच्या गाडीच्या टपावर साहेबासारखं पसरायला लागलं.

*

बाळाला नाव नव्हतं. फाईलवर ‘महादेवीची मुलगी’ एवढंच. आबा म्हणायचे, आई उठंल, आई ठेवंल. त्यामुळं नाव ठेवायचा विषय आम्हीही काढत नव्हतो.

पण तिला हाक तर मारायला हवी. पद्माबाई दूध आणताना विचारायच्या, मेकवालीचं झालं का? तेलुगूत शेळीला मेक म्हणतात. शेळीच्या डब्यातलं दूध पिणारी म्हणून ती मेकवाली. दोन दिवसांत ‘वाली’ गळून पडलं आणि मेक राहिली. मीही मेक म्हणायला लागले. मग मॅडमसुद्धा राउंडला आल्या की विचारायच्या, मेक कशी आहे?

एकदा आबांनी ते ऐकलं. पद्माबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. कुणाच्या नातीला आपण शेळी म्हणतोय हे त्यांच्या एकदम लक्षात आलं. त्या सांगायला लागल्या, आबा, रागावू नका, आमच्या भाषेत...

आबांनी त्यांना थांबवलं. त्यांच्या घरात अर्धं कन्नड चालायचं. ते म्हणाले, “आमच्यात बी मेकेच म्हणत्यात की.”

मग ते बाळाजवळ गेले, वाकले आणि अगदी हलक्या आवाजात, माणूस देवापुढं बोलतो तशा आवाजात त्यांनी तिला त्या नावानं हाक मारली. तिनं डोळे उघडले. आबा आमच्याकडं वळून म्हणाले, हिला कळतंय. आता हिला कळलं असेल की झोपमोड झाली असेल, त्या वयात दोन्ही सारखंच दिसतं. पण आबांनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं.

*

उन्हाळ्यात दुपारची वीज जाते. वीज गेली की पंखा थांबतो हे कुणाच्याही लक्षात येईल, पण आमच्याकडं आणखी एक गोष्ट थांबते, भिंतीपलीकडचे माग.

त्या वर्षी पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं माझ्या कानात काहीतरी झालं. इतकी शांतता. रस्त्यावरचा बर्फगोळेवाला घंटी वाजवत होता ती पार वर ऐकू आली. आणि पुढच्याच मिनिटाला वॉर्डातली एकूण एक बाळं जागी होऊन रडायला लागली. त्यांना त्या आवाजाची सवय लागलेली. त्यांच्या दृष्टीनं जगच बंद पडलं होतं.

मेक सगळ्यांत जोरात रडत होती. आबांनी तिला खांद्यावर घेतलं, फिरवलं, तरी थांबेना. बाकीच्या बाळंतिणी आपापल्या बाळांना छातीशी घेऊन बसल्या, त्यांची बाळं शांत झाली. एकटं आबांचंच रडत राहिलं. ते कुणाकडं बघत नव्हते. भिंतीकडं तोंड करून उभे होते.

तेव्हा पद्माबाई उठल्या. त्यांनी एक रिकामी स्टीलची वाटी पालथी घातली, चमचा घेतला आणि टेबलावर वाजवायला लागल्या. खटक-खटक, खटक-खटक. मागाचाच ताल, जराही न चुकता. त्यांचा नवरा मागावर, सासरा मागावर, त्या स्वतः लहानपणी त्याच आवाजात झोपलेल्या. डोळे मिटून वाजवत होत्या.

मेक हुंदके देत देत थांबली. मग वॉर्ड थांबला. त्या उकाड्यात आम्ही सगळे घामानं निथळत बसलो होतो आणि कुणालाच हलावंसं वाटत नव्हतं. बाळं झोपली. एक आई बसल्या जागी झोपली. आबांचे डोळे मिटायला लागले. मला वाटतं मीही थोडी झोपले असेन, कारण मला ती पांढरी शेळी टेकडीवरून उतरून आमच्या खिडकीशी आल्यासारखी दिसली.

वीज आली, पलीकडं माग सुरू झाले. पद्माबाईंनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “आली बाई ड्यूटी बदलायला.”

*

अकलूजकडची एक मुलगी होती. पहिलंच बाळंतपण, वय कोवळं. तिला दूध येत होतं, पण तिच्या मनानं घेतलं होतं की आपल्याला पुरत नाही. तोंड लावलं की बाळ रडायचं, मग ही रडायची. शेजारी मेक मात्र आता वाटी चाटूनपुसून प्यायची, गाल गुबगुबीत झालेले. ते बघून तिनं हट्ट धरला की आपल्या बाळालाही तोच शेळीचा डबा हवा.

मॅडम तिच्याशी बोलल्या, मी बोलले. बाळाचं वजन नीट वाढतंय, तुझं दूध पुरतंय, फक्त धरायची पद्धत बदलू. ती मान हलवायची आणि आम्ही वळलो की पुन्हा रडायची. शेवटी तिनं आबांनाच विचारलं, पडद्याच्या पलीकडून, की तुमचा डबा मिळतो कुठं.

 आबा पडद्याकडं पाठ करून बसले आणि पहिलटकर शेळीची गोष्ट सांगायला लागले. पहिल्यांदा व्यालेली शेळी करडाला जवळ येऊ देत नाही. लाथा मारते. तिला कळतच नाही हे काय अंगाला चिकटलं. अशा वेळी तिला बांधायचं नाही, ओरडायचं नाही. नुसतं शेजारी बसायचं आणि आपलं काहीतरी काम करत राहायचं. सुतळी वळायची, नाहीतर गाणं म्हणायचं. तिला वाटलं पाहिजे की कुणाला घाई नाही.

“मंग?” पडद्यापलीकडून आवाज आला.

“मंग काय न्हाय. बसायचं.”

आणि आबा खरंच बसले. कुठलंतरी कन्नड गाणं गुणगुणत, पडद्याकडं पाठ करून. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. माग चालू होते, वाफ काचेवरून ओघळत होती. मी आत जाऊन हळूच तिचा हात आणि बाळाची मान सारखी केली, तेवढंच. मग पडद्यामागून बाळाचा गटागट गिळण्याचा आवाज यायला लागला. ऐकणाऱ्यालाच कळतो असा आवाज.

ती मुलगी म्हणाली, “आबा, जाऊ नका, बसा.”

मॅडमनी नंतर मला विचारलं, की यांना नोकरीवर ठेवता येईल का.

*

एक दुपार मात्र मला अजून लख्ख दिसते. आबा मेकला मांडीवर घेऊन पाजत होते. बंडीच्या खिशात फोन वाजला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी तो काढून त्यांच्या कानाला लावला. मुलगा बोलत होता. मला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त त्याचा आवाज फुटलेला कळत होता. महादेवीची तब्येत ढासळली होती. डॉक्टरांनी सगळ्यांना येऊन जा म्हणून सांगितलं होतं.

आबा म्हणाले, “आलोच. पोरगी पितीय.”

मी फोन काढून घेतला आणि म्हटलं, द्या माझ्याकडं, तुम्ही निघा. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. हात थरथरत नव्हता. एकेक घोट तिच्या ओठाशी न्यायचा, ती गिळेपर्यंत थांबायचं, पुन्हा न्यायचा. वाटी संपली. त्यांनी तिचं तोंड ओल्या कापडानं टिपलं, खांद्यावर घेऊन पाठ थोपटली, ढेकर येईपर्यंत. मग तिला माझ्या हातात दिलं आणि जिना उतरून गेले. पायऱ्यांवर त्यांच्या चपलांचा आवाज मध्येच थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्या संध्याकाळी ते परत आले नाहीत. आम्ही दोघींनी मेकला पाजलं. पद्माबाई हुंकारल्यासुद्धा नाहीत. डब्यावरची शेळी खोलीकडं बघत उभी होती आणि मला तिचा राग येत होता, का ते सांगता येणार नाही.

सकाळी आबा आले. दारातूनच म्हणाले, “हाय.”

एवढंच. हाय. म्हणजे आहे, अजून आहे. मी खुर्चीत बसले. आबांनी हात धुतले आणि पाणी उकळायला ठेवलं.

*

महादेवी आली ती बरीच नंतर. तोवर मेकची कावीळ कधीच गेली होती. मध्ये एकदा तिला ताप येऊन गेला होता. आता ती घरी जायला तयार होती, पण घरी बघणारं कुणी नव्हतं म्हणून मॅडमनी दूधखोलीशेजारची छोटी खोली आजोबा-नातीला देऊन ठेवली होती.

नवऱ्यानं तिला धरून लिफ्टमधून आणलं. अंगावर हाडं तेवढी राहिलेली. गळ्याला पट्टी, श्वासाची नळी होती तिथं. आवाज उमटायचाच नाही, वारा बोलल्यासारखं बोलायची. इतक्या आठवड्यांत ती आमच्याकडं कधीच आली नव्हती. तिला बाळंतपणही आठवत नव्हतं. मुलगी झाली हेही तिला शुद्ध आल्यावर सांगावं लागलं होतं.

मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. आम्हाला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. नुसती बघत राहिली, एखाद्या परक्या घरात चुकून शिरल्यासारखी. मग नवऱ्याला म्हणाली, ही मला वळखत न्हाय. आबा पटका काढून हातात धरून उभे होते. त्यांनी खाली बघितलं.

मॅडम तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, अंगावर घेऊन बघू, रोज थोडं थोडं. दूध येईल, नाहीही येणार, दोन्ही चालेल. तोवर हे वाटीतलं दूध तू तुझ्या हातानं दे.

मी दूध कालवून आणलं. महादेवीनं चमचा धरला, पण हात इतका कापत होता की मी खालून माझा हात लावला. पहिला घोट गेला, दुसरा गेला. बाळाला भूक लागली होती, ते घाईघाईनं गिळायला लागलं, थोडं ठसकलं. आणि मी रोज पाजताना जे म्हणते तेच माझ्या तोंडून निघालं, माझ्याही नकळत.

“सावकाश गं बाई, सावकाश. सगळं तुझंच हाय.”

महादेवीचा हात थांबला. तिनं मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

“तुमी तितं यायचा व्हय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, कुठं?

“त्या दवाखान्यात. माझ्याकडं.”

मी सांगितलं, नाही. मी त्या दवाखान्याची पायरीसुद्धा चढलेली नाही. मी इथंच होते, हिच्यापाशी.

ती माझ्याकडं बघतच राहिली. “न्हाय कसं? हाच आवाज की. मला दम लागायचा, तवा कानाशी यायचा. सावकाश गं बाई. सगळं तुझंच हाय.”

 मॅडमनी माझ्याकडं बघितलं. पद्माबाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. बाळानं चमच्यासाठी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

महादेवीनं चमचा वाटीत बुडवला, बाळाच्या ओठाशी नेला आणि डोळे मिटून म्हणाली, “परत म्हणा की.”